पाणी जातं, आकार थांबतो: वाहतं पाणी जलरंगात कसं रंगवायचं

निसर्गचित्र शिकायला लागलं की झाड जमतं, डोंगर जमतो, कौलारू घरही जमतं, आणि मग ओढा आला की सगळं अडतं. का अडलं विचारलं तर सगळे एकच सांगतात, अहो पाणी थांबतच नाही, बघून काढायचं कसं? मलाही तीन-चार वर्षं हेच वाटायचं. निळा रंग घ्यायचा, आडव्या नागमोडी रेघा मारायच्या, वरून थोडा पांढरा लावायचा, की माझा ओढा तयार. पण तो वाहायचा नाही, आणि का वाहत नाही ते कळायचं नाही.

मग एका ऑगस्टमध्ये सज्जनगडाच्या पुढे ठोसेघरच्या रस्त्याला एका ओढ्यापाशी पाऊस उघडायची वाट बघत बसले होते. समोर एक दगड होता, पूर्ण बुडालेला, त्याच्या पाठीवरून पाणी वर चढत होतं, पलीकडे काचेसारखं घसरत होतं आणि घसरण संपली की तिथे एक वीतभर लाट उलटी, म्हणजे वरच्या अंगाला वळून फेसाळत होती. अर्धा तास बघितलं. पाणी सारखं नवीन येत होतं आणि जात होतं, पण ती लाट तिथल्या तिथेच. फेस तिथेच, गुळगुळीत घसरगुंडीही तिथेच. त्या दिवशी जे कळलं ते या सगळ्या लेखाचं मूळ आहे: ओढ्यात पाणी जातं, आकार थांबतो. आपल्याला पाणी काढायचंच नाहीये, तो थांबलेला आकार काढायचाय, आणि तो तर दगडासारखाच समोर बसलेला असतो, निवांत बघून काढता येतो.

समुद्राचं बरोब्बर उलटं आहे, तिथे आकार पुढे जातो आणि पाणी जवळजवळ जागच्या जागी वरखाली होतं. म्हणून सुरुवात समुद्रापासून करू नका. सुरुवात ओढ्यापासून, ओढ्यातही एकाच दगडापासून करा.

सामान काय लागतं

थोडक्यात सांगते कारण सामान घेण्यातच लोकांचे दोन महिने जातात. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, शक्यतो पूर्ण कॉटनचा आणि कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत. पैसे कुठे घालायचेच असतील तर कागदात घाला, रंगात नंतर घाला. पाण्याच्या चित्रात एकाच जागी ओलं करणं, रंग उचलणं, परत ओलं करणं चालू असतं, साधा ड्रॉइंगचा कागद दुसऱ्या वॉशलाच, म्हणजे पातळ रंगाच्या दुसऱ्या थरालाच, फुगतो आणि त्याचे लोकरीसारखे धागे निघायला लागतात. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचाची येते, तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५, शिकायला एवढं भरपूर.

रंग सहा पुरे: अल्ट्रामरीन, सेरुलियन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन, पेन्स ग्रे. कॅम्लिनच्या आर्टिस्ट ट्यूब मी अजून वापरते, काही बिघडत नाही. ब्रश तीन: १२ नंबरचा गोल, एक इंची चपटा, आणि लांब केसांचा बारीक ज्याला रिगर म्हणतात तो. पांढऱ्या गॉशची, म्हणजे खालचं झाकणाऱ्या घट्ट जलरंगाची, एक छोटी ट्यूब, ती शेवटी लागेल, आधी उघडायची नाही. बाकी मास्किंग टेप, पाण्याच्या दोन बाटल्या आणि जुन्या सुती साडीचं फडकं, टिशूपेक्षा ते किती तरी चांगलं, पाणी ओढून घेतं आणि कागदावर त्याचे कण राहत नाहीत.

मास्किंग फ्लुइडबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगून टाकते. फेसाची जागा झाकायला ते वापरतात, वाळलं की रबरासारखं चोळून काढायचं. मी एप्रिलमध्ये एक चित्र झाकून तसंच ठेवलं आणि आठ दिवसांनी काढायला गेले तर फेसाबरोबर कागदाची सालच निघाली. उन्हात किंवा हेअर ड्रायरच्या गरम हवेने ते कागदाला चिकटून बसतं, तेव्हा वापरलंत तर त्याच दिवशी काढा. आणि त्याची कड फार धारदार येते, फेसाची कड अशी नसते, त्यामुळे काढल्यावर ओल्या ब्रशने जागोजागी मऊ करावी लागते. सुरुवातीला नाही वापरलंत तर उत्तम, पांढरी जागा हाताने सोडायची सवय लागली पाहिजे.

पहिली पायरी: ब्रशला हात न लावता वीस मिनिटं

ही पायरी सगळे गाळतात. घड्याळ लावून वीस मिनिटं बघा. काठावरची वाळकी पानं गोळा करा आणि एकेक पान दगडाच्या वर सोडा. पान कुठे सावकाश होतं, कुठे सुसाट सुटतं, कुठे गिरकी घेतं ते बघा. पाच-सहा पानं सोडलीत की पाण्याचा रस्ता डोळ्यात बसतो. स्केचबुकात दगडांचे नुसते गोल काढा आणि पानांच्या रस्त्याचे बाण काढा, बाकी काही नको. हा बाणांचा नकाशा म्हणजे तुमच्या पुढच्या सगळ्या फटकाऱ्यांच्या दिशा.

बाण काढताना तीन गोष्टी दिसतील, त्या प्रत्येक ओढ्यात असतात.

दगडाचं डोकं पाण्याबाहेर असेल तर त्याच्या वरच्या अंगाला पाणी थोडं फुगतं, उशी ठेवल्यासारखं, मग दोन्ही बाजूंनी फुटून खाली जातं. वरून बघितलं तर इंग्रजी व्ही दिसतो आणि व्हीचं टोक प्रवाहाच्या वर असतं. दगडाच्या पाठीमागे, खालच्या अंगाला, मात्र शांत जागा असते, तिथे पाणी मागे वळतं. पान तिथे सापडलं तर चक्क उलटं, दगडाकडे चालत येतं. नवशिक्यांच्या चित्रात ही जागा कधीच नसते, दगडाच्या पुढे-मागे सगळीकडे सारखाच फेस असतो, आणि तिथेच चित्र खोटं पडतं.

दोन दगडांच्या मधून पाणी निघत असेल तर उलटा व्ही दिसतो, टोक खाली. मधे एक गुळगुळीत काळसर जीभ असते, दोन्ही बाजूंच्या रेघा तिच्या टोकाला मिळतात आणि तिथून पुढे लाटांची रांग लागते, आधी मोठी, मग त्याहून लहान, मग विरून गेलेली.

आणि तिसरा आमचा बुडालेला दगड. पाणी वर चढतं, पलीकडे वेगात घसरतं, आणि खालच्या सावकाश पाण्यावर आपटून मागे कोसळतं. फेस दगडावर नसतो, दगडाच्या नंतर असतो! हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

इथे लिओनार्दो दा विंची आठवतो. त्याने वाहत्या पाण्याची पानंच्या पानं रेखाटली आणि पाण्याच्या हालचालीची तुलना केसांशी केली: केसांचं एक वळण त्यांच्या वजनाने येतं, दुसरं कुरळेपणाने, तसंच पाण्याला एक ओढ प्रवाहाची आणि एक गिरकी भोवऱ्याची. मला ही तुलना फार उपयोगी पडते. वेणी घालताना बट कशी एका बटेखालून जाते, दुसरीवरून येते, ते आपल्याला हाताने माहीत असतं, दगडामागे दोन धारा परत एकत्र येतात तेव्हा अगदी तसंच होतं.

एक काळजीचं बोलते. पावसाळ्यात ओढ्यात उतरून बसू नका, काठावर उंच जागा बघा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटात पाऊस झाला की ओढा फुगतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा यायला लागला, आवाज बदलला, की चित्र अर्धवट राहिलं तरी चालेल, सामान उचलायचं आणि वर जायचं.

पाण्याला रंग कुठून येतो

रंगवण्याआधी हे कळलं पाहिजे. पाण्याचा स्वतःचा असा रंग ओढ्यात जवळजवळ नसतोच, दोनच गोष्टी दिसतात: एक तर तळ, नाहीतर वरचं आभाळ आणि झाडं. पायाशी बघितलं, म्हणजे नजर सरळ खाली गेली, की तळाचे गोटे दिसतात. लांब बघितलं, नजर पाण्याला घासून गेली, की आभाळ दिसतं. आता लाट म्हणजे काय, छोटासा उतार. तिची जी बाजू तुमच्याकडे तोंड करून आहे त्या बाजूला नजर पाण्यात शिरते, म्हणून ती गडद, तळाच्या रंगाची. आणि जी बाजू लवंडलेली आहे, आभाळाकडे बघते, ती फिकट. झालं, लाट म्हणजे गडद-फिकट, गडद-फिकट. निळी रेघ नाही.

फेस पांढरा का? मिठाचा मोठा खडा घ्या, आरपार दिसतं. तेच मीठ कुटलं की पांढरंशुभ्र. बुडबुड्यांचं तेच होतं, लाखो छोट्या पडद्यांवरून उजेड सगळीकडे उधळतो. पण उधळायला उजेड तर पाहिजे! फेसाचा जो भाग सावलीत आहे तो पांढरा नसतो, तो निळसर राखाडी असतो, कधी चक्क शेजारच्या सुक्या दगडापेक्षाही गडद. कोरा कागद फक्त उजेडाकडे तोंड केलेल्या फेसासाठी राखायचा, आणि तो चित्रात फार थोडा असतो.

ऋतूचंही बघा. जूनमधलं नवं पाणी चहासारखं असतं, तिथे ऑकर आणि बर्न्ट सिएना, त्यात निळं घालू नका, फेससुद्धा पिवळसर. सप्टेंबर संपता संपता तेच पाणी निवळशंख होतं आणि तळ दिसायला लागतो. शिकायला मला हेच दिवस सगळ्यात आवडतात, पाणी भरपूर आणि तरी स्वच्छ.

आता चित्र: एक दगड, एक लाट

आधी काड्यापेटीएवढं छोटं चित्र करा, नुसत्या पेन्सिलने, तीनच टोन: कोरा, मधला, काळा. कोरा कुठे आहे ते इथेच ठरवायचं. चित्रात एक मोठा पांढरा आणि दोन-तीन छोटे असावेत, सगळीकडे सारखे ठिपके आले तर नजर कुठेच थांबत नाही.

मग कागद फळीला टेपने लावा, फळीखाली एक छोटा दगड ठेवून थोडा उतार द्या आणि अगदी हलक्या पेन्सिलने दगड काढा, दगडावरून काचेसारख्या घसरणाऱ्या पाण्याच्या जिभेची हद्द काढा, फेसाची हद्द काढा. लाटांच्या रेघा काढायच्या नाहीत. पेन्सिलची रेघ रंगाखाली अडकली की पाणी तारेने बांधल्यासारखं दिसतं.

पहिला वॉश सगळ्यात फिका. मागची झाडी कागद ओला करून सोडून द्या, पसरू दे, तिथे तपशील दिला तर पाण्याकडे कोणी बघणार नाही. मग पाणी. उथळ जागी यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएना, लांबच्या सपाट भागात सेरुलियन फार पातळ, दोन्ही ओले असतानाच एकमेकांत मिसळू द्या. फेसाच्या जागी कागद कोरडा ठेवा आणि रंग त्याच्याभोवती आणा. ब्रश कायम बाणाच्या दिशेने, हात मनगटातून नाही, खांद्यातून. प्रत्येक फटकारा पाण्याबरोबर वरून खाली न्यायचा, घाईत उलटा मारलात तर तो फटकारा वाळल्यावरही उलटाच दिसतो, नेमकं काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही पण चुकलंय हे कळतं.

आता वाळू द्या. पावसाळ्यात बाहेर बसलात तर हा वॉश अर्धा अर्धा तास वाळत नाही, सह्याद्रीत तर कधी कधी वाळतच नाही. तेव्हा दोन कागद लावून बसा, एक वाळतोय तोवर दुसरा. कागद वाळला का ते बोटाच्या मागच्या बाजूने बघा, गार लागला म्हणजे आत अजून ओल आहे.

दुसरा टप्पा म्हणजे ती जीभ, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एका बाजूला पॅलेटवर बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि थोडा सॅप ग्रीन मिसळून गडद शेवाळी रंग भरपूर करून घ्या, मधे संपला तर परत तसाच होत नाही. चपटा ब्रश भरा, फडक्यावर एकदा टेकवा, म्हणजे भिजलेला राहील पण ठिबकणार नाही. दगडाच्या पाठीवर पाणी जिथून वळायला लागतं तिथे ब्रश आडवा टेकवा, श्वास सोडा, आणि पाण्याच्या वळणाने एका दमात खाली ओढा. सुरुवातीला सावकाश, उतार आला की वेगात, आणि फेसापाशी पोचता पोचता ब्रश उचलायला लागा. उचलताना ब्रशचे केस फाटतात, रंग कागदाच्या फक्त उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत पांढरं राहतं, आणि तिथे तुम्हाला न काढता पाणी फेसात शिरताना दिसतं. हाच तो ड्राय ब्रश. वेगाने जाणारं पाणी वेगाने ओढलेल्या ब्रशनेच येतं, सावकाश कोरून येत नाही. पहिल्या दहा वेळा जमणार नाही, म्हणून आधी रद्दी कागदावर तीस-चाळीस पट्ट्या ओढा. खरंच ओढा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला पूर्ण रविवार हेच करायला लावते, आणि दुपारपर्यंत हात बसतो.

जिभेत वरून खाली दोन-तीन फिकट पट्टे सोडा, ते आभाळाचं प्रतिबिंब. परत जाऊन दुरुस्त करायचा मोह होईल, करू नका, ओल्या रंगात परत ब्रश घातला की काच जाते आणि चिखल येतो.

फेस आता जवळजवळ झालेलाच आहे, कारण तो म्हणजे आपण न रंगवलेला कागद. त्याला फक्त जाडी द्यायची. अल्ट्रामरीनमध्ये कणभर बर्न्ट सिएना घालून फार पातळ राखाडी करा, फेसाच्या पोटात, उजेडाच्या विरुद्ध बाजूला लावा आणि लगेच स्वच्छ ओल्या ब्रशने एक कड पुसून टाका. फेसाची वरची कड तुटक आणि ठसठशीत, खालची कड मऊ, पाण्यात विरघळलेली. दोन्ही कडा ठसठशीत झाल्या की कापूस ठेवल्यासारखं दिसतं, दोन्ही मऊ झाल्या की धूर.

पाण्याबाहेरचा दगड शेवटून दुसरा. कोरडा भाग उबदार आणि फिका, पाण्यालगतचा ओला पट्टा सगळ्यात काळा, पेन्स ग्रे आणि बर्न्ट सिएना अगदी घट्ट. हा काळा पट्टा लावल्याबरोबर शेजारचा फेस पेटल्यासारखा पांढरा होतो, प्रत्येक वेळी होतो आणि प्रत्येक वेळी मला आनंद होतो. फेस पांढरा वाटत नसेल तर पांढरा रंग लावायचा नाही, शेजारचं काळं करायचं.

सगळ्यात शेवटी रिगरने रेघा, दगडामागच्या शांत पाण्यात दोन-तीन गोलसर, लाटांच्या रांगेत चार-पाच, बस. जवळच्या रेघा मोठ्या आणि मोकळ्या, लांबच्या बारीक, सपाट आणि दाट, नाहीतर पाणी भिंतीसारखं उभं राहतं. तुषारांसाठी आता ती गॉशची ट्यूब उघडा, जुन्या टूथब्रशवर घट्ट रंग घेऊन बोटाने उडवा, बाकी चित्र कागदाने झाकून. आठ-दहा थेंब पडले की थांबा.

फोटोवरून करणार असाल तर

प्रत्यक्ष ओढ्याला दुसरं काही बरोबरीचं नाही पण प्रत्येकाला दर रविवारी जमेलच असं नाही. फोन झटपट फोटो काढतो तेव्हा एकेक थेंब हवेत गोठतो, काचेचे तुकडे उडाल्यासारखे, डोळ्याला पाणी असं कधीच दिसत नाही. आणि मिनिटभर उघड्या कॅमेऱ्याचे जे दुधासारखे फोटो असतात ते तर अजिबात नको, त्यात आकारच पुसलेला असतो. फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, हात न हलवता. घरी तो दहा वेळा बघा, प्रत्येक वेळी जे तिथेच राहतं तेवढंच कागदावर घ्या, जे दर वेळी बदलतं ते सोडून द्या. चांगली चित्रं बघायला मिळाली तर सोडू नका. कोल्हापूरला राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या निसर्गचित्रांचं संग्रहालय आहे, आणि आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याच्या परिसरात केलेली चित्रं जिथे मिळतील तिथे मूळच बघावीत, छापील नको, छापताना पाण्याचे मऊ टोन पहिले जातात.

धबधबा

इथे दगड बदलत नाही पण पाणी मोकळं पडतं, आणि पडताना वेग वाढत जातो, पहिल्या सेकंदात पाणी साधारण पाच मीटर खाली येतं, दोन सेकंदांत मिळून वीसच्या आसपास. म्हणून वर धार एकसंध असते आणि खाली येता येता ताणून फाटते, तिचे लांबट बाण होतात, टोक खाली असलेले. डोळ्याने एक पुंजका धरा आणि त्याच्याबरोबर खाली या, मान हलवून, म्हणजे बाण दिसतील. चित्रात धबधबा रंगवायचाच नाही, दोन्ही बाजूंचा ओला काळा कातळ रंगवायचा आणि मधे कागद सोडायचा, मग वरून खाली सुकत आलेल्या ब्रशने राखाडीचे थोडे फटकारे, वर जवळजवळ, खाली विरळ. पायथ्याशी कागद ओला करून फडक्याने टिपून घ्या, तिथे तुषारांचं धुकं येतं आणि पाणी जमिनीला टेकतंय ती रेघ दिसतच नाही, दिसायलाही नको.

आमच्या साताऱ्यात पाटणजवळ सडावाघापूरला पावसाळ्यात वारा एवढा असतो की कड्यावरून पडणारं पाणी परत वर येतं. तिथे तर एकही ठसठशीत फटकारा चालत नाही, ओल्या कागदावर खालून वर, आणि भिजलेल्या माणसाने केलेलं चित्र आहे हे त्यावर दिसलं तरी काही हरकत नाही.

संथ नदी

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर कृष्णा बघितली असेल तर कळेल, तिथे वाहणं दिसतच नाही, प्रतिबिंब दिसतं. नियम दोन. गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं फिकं आणि फिक्या वस्तूचं थोडं गडद. आणि पाणी हललं की प्रतिबिंब खाली आपल्याकडे लांबतं, आडवं पसरत नाही. तेव्हा घाटाचं प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी ओलं ओलं ओढायचं, आणि ते अर्धवट ओलं असतानाच स्वच्छ, जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने दोनच आडव्या रेघा पुसून काढायच्या. त्या दोन रेघांनी नदी चालायला लागते. दोनच.

मग समुद्र

वर म्हटलं तसं इथे आकार पळतो. पण एक लाट गेली तरी मागून येणारी जवळजवळ तशीच असते, म्हणून एका लाटेचं चित्र शंभर लाटा बघून करायचं: पाच मिनिटं फक्त चढ बघा, पाच मिनिटं फक्त वळणारी कड, पाच मिनिटं फक्त पसरलेला फेस. पाणी उथळ होत गेलं आणि खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटते, म्हणून एकाच किनाऱ्यावर सगळ्या लाटा साधारण एकाच पट्ट्यात फुटताना दिसतात. तिथे नजर रोखून बसा.

कोकणात एक फायदा आहे जो पूर्वेच्या किनाऱ्याला संध्याकाळी मिळत नाही. आपण पश्चिमेला तोंड करून बसतो, तेव्हा मावळतीचं ऊन लाटेच्या मागून येतं आणि फुटण्याआधी क्षणभर लाटेची पातळ कड आतून हिरवी उजळते. तो हिरवा फार स्वच्छ पाहिजे, सेरुलियनमध्ये यलो ऑकर अगदी थोडा, कोऱ्या कागदावर एकदाच लावायचा, त्याच्याखाली लगेच गडद. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून असतं, तेव्हा फेस लखलखीत पण ही हिरवी कड नाही.

जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट सगळ्यांनी बघितलेली असते, १८३१ च्या सुमारासची. ती परत बघा, फेसाची टोकं बोटांसारखी वळलेली आहेत आणि लाटेचे गडद-फिकट पट्टे सगळे चढाच्या दिशेने जातात, एकही पट्टा आडवा नाही. नक्कल करायची तर त्या पट्ट्यांच्या दिशेची करा, बोटांची नको.

लाट ओसरल्यावर वाळूवर फेसाची जाळी राहते. जाळीचे धागे काढू नका, भोकं काढा, मधल्या टोनची, वेडीवाकडी, जवळ मोठी आणि लांब गेल्यावर चपटी, धागे आपोआप उरतात.

सराव

पोस्टकार्डाच्या आकाराचे दहा तुकडे कापा आणि दहाही तुकड्यांवर एकच दगड करा, प्रत्येकाला वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. वेगवेगळे दगड शोधत हिंडू नका. चौथ्या-पाचव्या तुकड्याला कंटाळा येईल, आणि सातव्यापासून हात स्वतःहून कमी फटकारे मारायला लागेल, ते दिसेलच तुम्हाला. मागे तारीख लिहा, पाऊस किती होता लिहा.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याच दगडापाशी परत जा. मी गेले होते. पाणी हातभर उतरलं होतं, ऑगस्टमध्ये बुडालेला दगड डोकं वर काढून कोरडा झाला होता, त्याच्यावर शेवाळाची एक पिवळट रेघ होती पूर्वीच्या पाण्याची. उलटी लाट गेली होती. तिच्या जागी दगडामागे निवळ, थांबलेलं पाणी होतं, त्यात एक पान हळूहळू दगडाकडे येत होतं, आणि दगडाच्या पुढे पाण्याने बारीकसा व्ही काढला होता, टोक वर.

मी अकरावा तुकडा काढला आणि नव्याने बाण काढायला बसले.